वाकडं भोक कुणाच्या खाती?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



टेबलावर ठेवलेली वस्तू तुम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "भोवरा आहे का गं हा?" दिसतो भोवऱ्यासारखाच. वर बाभळीचं कातीव डोकं, खाली स्टीलचं निमुळतं शेपूट, त्यावर रबरी रिंगा. हे बाटलीचं बूच आहे. लाकूड कातारी लेथवर कातून देतो. स्टीलचं शेपूट आणि रिंगा बाजारातून येतात. ही दोन्ही एकमेकांत बसवायचं जे काम, ते तुमच्याकडे घरी येतं, किंवा येऊ घातलंय. त्याला मालक 'फिटिंग' म्हणतात आणि पुढे एक शब्द जोडतात: 'हलकं काम'. आज मला या 'हलकं' शब्दाबद्दलच बोलायचंय.

पण आधी एक गोष्ट मोकळेपणानं बोलून टाकू, कारण चहाच्या वेळी त्यावर कुजबूज चालली होती. आपल्यातल्या कितीतरी जणींनी दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा केल्यात. 'आडवी बाटली' करायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती मिळवायला किती दारं वाजवावी लागतात, हे इथे कुणाला सांगायला नको. मग त्याच बाटलीला आपणच बूच करून द्यायचं का? प्रश्न योग्य आहे. माझं म्हणणं असं, की बूच बाटलीत काय आहे ते विचारत नाही. तेलाची, काकवीची, मधाची, सरबताची, व्हिनेगरची बाटलीही त्यानंच बंद होते. तरी खरं सांगायचं तर अशा शोभेच्या बुचाची मोठी मागणी वाइनवाल्यांकडून येते. आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावला १९८० च्या दशकात वाइन होऊ लागली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि नंतर दौंड तालुक्यात पाटसजवळच्या रोटी गावात वायनरी उभी राहिली. तुमच्या गटाला हे काम घ्यायचं नसेल तर घेऊ नका, तो तुमचा ठराव. घ्यायचं ठरलं तर मात्र 'दारूचं काम आहे, जास्त काय भाव मागायचा' अशी मान खाली घालून घेऊ नका.

आता कामाकडे वळू. तुमच्या घरात कातीव लाकूड पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाटणं, ताकाची रवी, पाळण्याचे खांब. पण लाटण्याला लोखंड लागत नाही. लाकूड आणि धातू एकत्र आले की भांडण सुरू होतं, आणि ते भांडण मिटवणं हेच फिटिंगचं काम आहे. लाकूड हवा बघून फुगतं, आकसतं. पावसाळ्यात दार घट्ट होतं आणि चैत्रात सैल, तसंच. आणि ते लांबीत फारसं आकसत नाही, आडवं आकसतं. म्हणजे ओल्या लाकडात आज पाडलेलं गोल भोक दोन महिन्यांनी लंबगोल होतं. स्टील आहे तेवढंच राहतं. मग एक तर काडी सैल होते, नाही तर लाकूड भोकापासून चिरतं. म्हणून लाकूड वाळलेलं हवं. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष सावलीत, असा जुना ठोकताळा आहे. घोडच्या आणि भीमेच्या काठची बाभूळ कठीण आणि चिवट, तिच्यावर झिलई सुंदर येते. पण कालची तोडलेली बाभूळ आज कातून कुणी तुमच्याकडे पाठवली, तर तुमचा हात कितीही चांगला असो, ते बूच टिकणार नाही.

बाभळीची आणखी एक खोड आहे. तिच्या सालीनं कातडं कमावतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तो तुरट अंश लाकडातही असतो. साधं लोखंड आणि ओल त्याच्याशी भेटली की काळा डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. म्हणून तिथे साधा लोखंडी स्क्रू चालत नाही, स्टेनलेस स्टील लागतं. पितळेचं दिसतं छान, पण वाइन, व्हिनेगर, लिंबाचं सरबत हे सगळं आंबट. आंबटाशी पितळ बरं नाही, हे कल्हई लावून घेणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुलामा दिलेलं स्वस्त सामान येतं, त्याचा मुलामा आंबटानं उडतो. सामान आलं की नुसतं मोजून घेऊ नका, कुठल्या धातूचं आहे ते चलनावर लिहून मागा.

आता भोक. भाषणाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा सावकाश.

स्टीलच्या शेपटाच्या वरच्या टोकाला आटे पाडलेली काडी असते. समजा ती आठ मिलिमीटरची आहे. तिच्यासाठी लाकडात आठचं भोक पाडलं तर आटे धरणार कशाला? म्हणून पावणेसात ते सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, आणि मग टॅप फिरवून लाकडातच आटे काढायचे. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे भुसा मोकळा होतो. खोली काडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त हवी. ड्रिल बिटला चिकटपट्टीचं निशाण बांधलं की रोज मोजावं लागत नाही. आणि भोक लाकडाच्या तळाशी काटकोनात हवं. इथेच सगळं अडतं. तळावर काडी अर्ध्या मिलिमीटरनं कलली तरी वरचं डोकं बाटलीवर तिरपं दिसतं, रिंग एका बाजूनं दाबली जाते, दुसऱ्या बाजूनं गळते.

कातारी ते भोक लेथवरच, लाकूड फिरत असताना पाडतो तेव्हा ते सरळ येतं. लेथ फिरवणारा घाईत असला, की लाकूड नुसतं कातून देतो आणि भोक नंतर कुणीतरी हातड्रिलनं पाडतं. मग ते येतं तुमच्या पाटीत. तुम्ही काडी बसवता, डिंक भरता, पुसून चकचकीत करून देता. आठ दिवसांनी शंभरातली वीस बुचं परत. 'फिटिंग वाकडं'. वीस बुचांचे पैसे कापले, वर स्टीलच्या शेपटांची किंमतही तुमच्याच नावावर.

भोक कुणी पाडलं होतं, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. वस्तूला शेवटचा हात जिचा लागला, चूक तिची. एका गटातल्या बायकांनी हे दोन हंगाम सोसलं. मग त्यांच्यातल्या एकीनं, जिचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं, एक युक्ती काढली. ज्या सात मिलिमीटरच्या ड्रिल बिटनं भोक पाडतात, तोच बिट उलटा करून गुळगुळीत बाजूनं भोकात घालायचा आणि तळाशी गुण्या लावायचा. बिट लांब असतो, त्यामुळे भोकातला एवढासा कल वरच्या टोकाला बोटभर दिसतो. माल घ्यायलाच ती गुण्या घेऊन बसायला लागली. वाकडं भोक दिसलं की त्यावर खडूची खूण, वेगळी पाटी, वहीत आकडा, आणि आणून देणाऱ्या माणसाची सही. पहिल्या दिवशी तो माणूस हसला. तिसऱ्या दिवशी लेथवाल्याला जाऊन भांडला. त्यानंतर भोकं सरळ यायला लागली!

हे मी इतकं लांबवून सांगते, कारण असं भांडण आपल्या शेजारच्या बायकांनी फार आधी लढलंय. अहिल्यानगर आणि सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बायका. त्यांच्या बिड्यांतून ठेकेदार 'छाट' काढायचा. वाईट म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत, आणि पान-तंबाखू खराब दिलेलं असलं तरी खोट बाईच्या बोटांची. बिडी कामगारांच्या चळवळीनं हे धरून ठेवलं. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार मानली गेली. आणि कच्चा माल, नाकारलेल्या बिड्या, त्यांचे पैसे यांवरून वाद झाला तर तो सोडवायला अधिकारी नेमायची तरतूद झाली. म्हणजे 'छाट' हा ठेकेदाराच्या मर्जीचा विषय राहिला नाही, निदान कागदावर तरी. अंमलबजावणीचं रडगाणं वेगळं.

कारखान्यातल्या माणसालाही १९३६ च्या वेतनाच्या कायद्यापासून एवढं संरक्षण आहे, की नुकसानीबद्दल पैसे कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं. हे जुने कायदे आता २०१९ आणि २०२० च्या कामगार संहितांमध्ये गेलेत, आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. घरी काम करणाऱ्या बाईला 'गृहाधारित कामगार' असं नाव २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यानं दिलं, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. नाव आहे, पण बिडीवालीला होतं तसं छाटीबद्दलचं हत्यार बुचवालीला कुणी दिलेलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्यांना बाकीच्या मजुरांसारखी वागणूक द्या, असं तो म्हणतो. भारतानं त्याला मंजुरी दिलेली नाही. म्हणून तूर्त आपलं हत्यार ती वही आणि तो गुण्या.

दर कसा मागायचा, हे आता बघू. 'दुसरीकडे काय देतात?' इथून सुरुवात करू नका; दुसरीकडेही कुणीतरी अशीच मान खाली घालून बसलेली असते. घड्याळ लावा. माल तपासणं, काडीवरचं तेल स्पिरिटनं पुसणं, टॅप फिरवणं, अराल्डाइटचे दोन भाग सारखे घेऊन कालवणं, काडीला कानशीनं एक उभी खाच पाडणं (ती का? बंद भोकात डिंक भरून काडी फिरवली की आतली हवा दबते आणि काडी वर ढकलते, खाचेतून ती हवा निघून जाते), काडी बसवणं, बाहेर आलेला डिंक लगेच पुसणं, रात्रभर उभं ठेवणं, सकाळी रिंगा चढवणं, गळतीची परीक्षा, कागदात गुंडाळणं. एका बुचाला समजा सहा मिनिटं लागली. तासाला दहा. आठ तासांत ऐंशी, असं मालक म्हणेल. तुम्ही म्हणायचं, नाही. झाडलोट, कालवलेला डिंक घट्ट झाला म्हणून पुन्हा कालवणं, माल आणणं-पोचवणं, हे धरलं तर साठ-पासष्ट. तुमच्या भागातलं त्या दिवशीचं किमान वेतन घ्या, त्याला साठानं भागा. त्यात डिंक, हातमोजे, वीज, बिटची झीज मिळवा. जो आकडा येईल त्याच्या खाली यायचं नाही. तुकड्यावरच्या कामालाही किमान दर ठरवता येतो, ही गोष्ट १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती आणि नव्या वेतन संहितेतही आहे. म्हणून हा भागाकार म्हणजे तुमचा हट्ट नव्हे.

गळतीची परीक्षा कशी करायची? बाटलीत पाणी भरा, बूच लावा आणि कागदावर रात्रभर आडवी ठेवा. ही आपली दुसरी आडवी बाटली! सकाळी कागद कोरडा तर माल पास. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असतं, पण तेलाच्या, सरबताच्या बाटल्यांचं काही ठरलेलं नाही. म्हणून बूच कुठल्या बाटलीला लावायचंय ते आधी विचारा आणि नमुन्याची बाटली मालकाकडूनच मागून घ्या. नाही तर तेही उद्या तुमच्याच खाती.

रंगाबद्दलही थोडं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं लाख वितळते आणि लाकडावर चढते, मग केवड्याच्या पानानं झिलई देतात. तिथे बायकाही लेथवर बसतात. त्या खेळण्यांना तोड नाही. पण लाख दारूत विरघळते. म्हणून बुचाचा जो तळ बाटलीकडे असतो, तिथे लाख नको, तेलाचा हात द्यावा. ही माहिती रंगकाम करणारी, डिंक भरणारी बाई जाणते. लेथवाल्याला ती सहसा नसते. तरी त्याचं काम 'कारागिरी' आणि आपलं 'फिटिंग'.

मग प्रश्न येतो, की भोक आपणच का पाडू नये? ड्रिलचं स्टँड टेबलावर मावतं. लेथएवढा त्याला खर्च नाही, जोरही लागत नाही. लागतो तो सराव. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचं, ही त्यांची रीत. त्यातून शाळांसाठी जो अभ्यासक्रम झाला, त्यात वर्कशॉप, शेती, ऊर्जा, घर आणि आरोग्य, सगळं मुलगे आणि मुली दोघांनी शिकायचं होतं. वेल्डिंग मुलग्यांचं आणि स्वयंपाक मुलींचा, अशी वाटणी नाही. २००२ साली तिथे फॅब लॅबही आली. सांगायचा मुद्दा, 'आमच्याकडे बायका मशीनला हात लावत नाहीत' हे वाक्य या तालुक्यात तरी कुणी तोंडावर फेकू नये.

यंत्रासाठी पैसे कुठून, असं विचाराल. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे, त्यांत सुतार आहे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि तारणाशिवाय कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाख, दुसऱ्यात दोन लाख. ऐकायला चांगलं आहे. पण अट वाचा: एका कुटुंबातून एकच माणूस. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आता नवऱ्यानं सुतार म्हणून नाव नोंदवलं, की त्या घरातली जी बाई वीस वर्षं पॉलिश करते, डिंक भरते, ती त्या यादीतून गेली. कुणी तिला काढलं नाही, ती धरलीच गेली नाही. ज्या घरात हा अर्ज अजून भरायचा आहे, तिथे आज रात्री जेवताना विषय काढा: अर्ज कुणाच्या नावावर? भांडण होईल, होऊ द्या. शेतीचा सात-बारा असाच एका नावावर गेला तेव्हा आपल्या आज्या बोलल्या नाहीत. ई-श्रम कार्ड मात्र प्रत्येकीचं स्वतंत्र निघतं, ज्यांनी काढलं नसेल त्यांनी काढा.

शेवटी थोडं अंगावर बेतणाऱ्या गोष्टींबद्दल. लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंडाला मास्क, ओल्या फडक्यानं पुसणं, आणि हे काम चुलीच्या खोलीत, झोपलेल्या पोराशेजारी करायचं नाही. अराल्डाइटच्या हार्डनरनं कातडीला खाज सुटते, एकदा अंगाला लागली की पुढे थेंबभरही सोसत नाही. डिंक भरताना हातमोजे घाला. पण ड्रिल फिरत असताना हातमोजे काढा, कारण मोज्याचा धागा अडकला तर बोट आत जातं. तसाच पदर, तसेच मोकळे केस, मंगळसूत्र, बांगड्या. गेल्या वेळी एकीनं सांगितलं, "बांगड्या काढल्या तर सासूबाई बोलतात." त्या सासूबाईंनाच इथे घेऊन या. ड्रिल चालू करून दोरा कसा गुंडाळतं ते दाखवू, मग त्याच सुनेच्या बांगड्या उतरवतील.

चार व्हाइस आणि दोन ड्रिल मागच्या पडवीत लावून ठेवलेत. न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या मैत्रिणींनी आधी या, त्यांची बस लवकर आहे. प्रत्येकीनं एक वाकडं आणि एक सरळ भोक स्वतः पाडून बघायचंय, बिट उलटा घालून तपासायचंय आणि वहीत लिहायचंय. जेवण उरका, अंबाडे घट्ट बांधा आणि पदर खोचून या.